आठ दिवसांत कोंबड्या कुठे हटवायच्या? : ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना गाव अजून ग्रामसेवकच म्हणते) यांस,

विषय : घराच्या आवारातील कोंबड्या हटवण्याची सूचना मागे घेऊन गावपातळीवर लसीकरण सुरू करण्याबाबत.

स. न. वि. वि.

ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली, आणि त्याआधीच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेली सूचना मी वाचली. बर्ड फ्लूचा संभाव्य धोका, दुर्गंधी आणि पहाटेच्या आवाजाच्या तक्रारी अशी तीन कारणे देऊन, गावठाणातील व सर्व वाड्यांतील ग्रामस्थांनी आवारात पाळलेल्या कोंबड्या आठ दिवसांत हटवाव्यात, अन्यथा दंडात्मक कारवाई केली जाईल, असे तीत म्हटले आहे. मी या सूचनेवर लेखी हरकत दिली. प्रतीवर आवक शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. मुदत मात्र सरत चालली आहे, आणि प्रश्न माझ्या एकटीच्या खुराड्याचा नसून गावातील बहुतेक घरांचा आहे, म्हणून तेच म्हणणे सविस्तर आणि सर्वांसमोर मांडत आहे.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. आमच्या परसात पंधरा-वीस गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. सासूबाईंकडून हे काम माझ्याकडे आले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. हा आमचा धंदा नव्हे. पिंजऱ्यातील संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. आमची गावठी साठ-सत्तर घातली तरी पुष्कळ, आणि खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिली, की तेवढे दिवस तीही नाहीत. तरीही घरातील मुलांच्या ताटात अंडे पडते, उरलेली शेजारीपाजारी आणि नाक्यावरच्या टपरीवर जातात, आणि तो पैसा घरातील बाईच्या हातात राहतो. वह्यापुस्तके, एस.टी.चे भाडे, भिशीचा हप्ता यांपैकी किती गोष्टी अंड्यांवर निघतात, हे घरातील पुरुषांना सहसा ठाऊक नसते. ग्रामपंचायतीलाही ते ठाऊक नसावे, असे सूचना वाचून वाटले.

कोंबड्या सोडून दिल्या की आपोआप वाढतात, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, असाही एक सूर त्या सूचनेत आहे. म्हणून थोडे सांगणे भाग आहे. सकाळी खुराड्याची झाप उघडल्यावर कोण बाहेर आले यापेक्षा कोण मागे राहिले, ते पाहायचे असते. पिसे फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसलेली कोंबडी आजारी असते. मग विष्ठा पाहायची. पातळ आणि हिरवट पांढरी असेल तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, शंका घ्यायची. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण. संध्याकाळी आत घेताना गळ्याखालची पिशवी हाताला भरलेली लागली पाहिजे. कण्या आणि कोंडा घरचाच असतो. अंड्याचे कवच पातळ येऊ लागले की किनाऱ्यावरचे शिंपले कुटून त्यात घालायचे. पिल्ले असतील त्या दिवसांत जुन्या मडक्यात ओला पेंढा आणि शेण भरून ते रात्री वारुळाजवळ पालथे घालायचे आणि सकाळी त्यात जमलेली वाळवी पिल्लांपुढे झटकायची. रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेल्या कोंबडीखालच्या अंड्यांवर पेन्सिलीने तारीख घालायची, सातव्या-आठव्या रात्री एकेक अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरायचे, ज्यात लाल शिरांचे जाळे दिसणार नाही ते काढून टाकायचे आणि एकविसाव्या दिवसाची वाट पाहायची. पावसाळ्यात खुराड्यातील तूस कोरडे ठेवणे हे सगळ्यांत जिकिरीचे काम, कारण ओल आली की हगवणही आली आणि वासही आला. चुलीची राख पडवीच्या कोपऱ्यात टाकून ठेवतो. कोंबड्या तीत लोळतात आणि त्यांच्या उवा-पिसवा कमी होतात. मुंगूस, उदमांजर आणि भटकी कुत्री यांच्या भीतीने तिन्हीसांजेला झाप लावून, डोकी मोजून झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी जेवायला बसत नाही. असे करणारे आमचे एकच घर नाही. गावातील निम्म्याहून अधिक घरांत बायका हेच करतात.

आता माझे आक्षेप.

पहिला आक्षेप असा की, ज्या रोगाचे नाव घेऊन ही सूचना काढली, तो रोग गावात आहे की नाही हे कोणी पाहिलेलेच नाही. गेल्या महिन्यात एका वाडीत काही कोंबड्या मेल्या. त्यांचा फोटो ग्रुपवर आला, कोणीतरी त्याखाली बर्ड फ्लू असे लिहिले आणि तेवढ्यावर निदान झाले. पशुवैद्यक आले नाहीत, कारण त्यांना कोणी कळवले नाही. नमुने गेले नाहीत, कारण घेतलेच गेले नाहीत. वास्तविक प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी 2009 चा केंद्रीय अधिनियम आहे आणि बर्ड फ्लू त्याच्या अनुसूचीत आहे. रोगाची शंका आली की मालकाने गावपातळीवर कळवावे आणि तिथून ती माहिती लेखी स्वरूपात जवळच्या पशुवैद्यकाकडे जावी, असा क्रम त्यात घालून दिला आहे. पुढे नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात आणि मगच बर्ड फ्लूची पुष्टी होते. या साखळीत ग्रामपंचायतीचे काम कळवण्याचे आहे. ते राहून गेले आणि कायद्याने तिच्याकडे न दिलेले काम, म्हणजे रोग जाहीर करून कोंबड्या हटवण्याचे, तिने हाती घेतले.

यातील धोका आपल्या लक्षात आला नसावा, असे मी धरून चालते. क्षणभर मानू की खरोखरच बर्ड फ्लू आहे. मग आठ दिवसांत कोंबड्या हटवा असे सांगितल्यावर माणसे काय करतील? कोणी आठवड्याच्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला विकेल, कोणी लेकीच्या सासरी पाठवेल, कोणी भावाच्या वाडीत नेऊन सोडेल. म्हणजे आज एका वाडीत असलेला रोग आठ दिवसांत तालुकाभर पोहोचेल, आणि तोही ग्रामपंचायतीच्या आदेशाने. रोग सिद्ध झाल्यावर शासन नेमके याच्या उलट करते. जानेवारी 2025 मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे बर्ड फ्लूची पुष्टी झाली, तेव्हा एक किलोमीटर परिसर बाधित आणि दहा किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणीखाली धरण्यात आला. अशा वेळी कोंबड्या आणि अंडी यांची वाहतूक थांबवतात, बाधित क्षेत्रातील पक्षी शास्त्रोक्त पद्धतीने नष्ट करतात आणि मालकांना ठरलेल्या दराने भरपाई देतात. आपल्या सूचनेत वाहतुकीवर बंदी नाही, भरपाई नाही आणि मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट कशी लावावी याबद्दल एक ओळही नाही. आणि बर्ड फ्लू नसेल, तर आपण निरोगी कोंबड्यांना गावाबाहेर काढत आहात.

घरगुती कोंबड्यांना बर्ड फ्लू होतच नाही, असा माझा दावा नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातील पहिला उद्रेक नवापूरच्या मोठ्या शेडमध्ये सापडला, आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील गावांत तो घरगुती कोंबड्यांतही आढळला. चिरनेरला रोग सापडला त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे बर्ड फ्लूने मेले. तेव्हा कोंबड्यांचे दाणापाणी उघड्यावर कावळ्यांच्या तोंडी पडू नये, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, तो ओहोळात फेकू नये, असे नियम ग्रामपंचायतीने जरूर करावेत. आम्ही ते पाळू.

दुसरा आक्षेप माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या वाडीतील कोंबड्या मेल्या तेव्हा मी तिथे गेले होते. एक तलंग (तरुण कोंबडी) अंगणात स्वतःभोवती गोल फिरत होती. तिची मान इतकी पिळवटली होती की चोच वर आणि तुरा खाली आला होता. ती दाणा टिपायला जाई आणि चोच भांड्याच्या बाजूला जमिनीवर आपटे. एक पंख लोंबत होता. ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. ही राणीखेत, आपल्याकडची मानमोडी, असावी असे मला वाटते; खरे काय ते प्रयोगशाळाच सांगू शकली असती. कुमाऊँतील राणीखेतमध्ये जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी या रोगाची नोंद झाली, म्हणून त्याला ते नाव पडले. या रोगावर लस आहे, आणि ती आजची नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, सातव्या-आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचणे आणि पुढे ठरावीक काळाने पुन्हा मात्रा, एवढेच करायचे असते.

मग आम्ही लस का देत नाही, असे आपण विचाराल. लस सुकवलेल्या गोळीच्या रूपात कुपीत येते आणि लहानात लहान कुपी साधारणतः शंभर मात्रांची असते. ती दोन ते आठ अंश तापमानात, बर्फात ठेवून आणावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. ज्या घरात बारा कोंबड्या आहेत त्या घराने अठ्ठ्याऐंशी मात्रा ओतून द्याव्यात काय? शिवाय तालुक्यापासून इथपर्यंत बर्फाच्या डब्यासह कोण येणार? म्हणून कोणीच आणत नाही, आणि मानमोडी आली की वाडीच्या वाडी खुराडी रिकामी होतात. यात नवल काही नाही. शंभर मात्रांची कुपी एका घरासाठी फार मोठी आहे, पण एका वाडीसाठी अगदी बेताची आहे. सात-आठ घरे एका सकाळी एकत्र आली तर एक थेंबही वाया जात नाही, आणि ही कुपी एका गावठी कोंबड्याच्या किमतीहून स्वस्तच पडते. मात्र ती सात-आठ घरे एका दिवशी, एका वेळी एकत्र आणणे हे एकट्या बाईचे काम नाही. ते ज्याच्याकडे दवंडी आहे, फलक आहे आणि पशुवैद्यकाला पत्र लिहिण्याचा अधिकार आहे, त्याचे काम आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधील ग्रामसूचीत पशुसंवर्धन हा विषय आहेच. कोंबड्यांच्या बाबतीत जे फक्त ग्रामपंचायतच करू शकते, ते एवढ्या वर्षांत एकदाही झाले नाही, आणि पहिले पाऊल उचलले ते त्यांना हटवण्याचे.

याच संदर्भात आणखी एक विसंगती. 2019 च्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्यांची संख्या 31 कोटी 70 लाखांच्या घरात गेली. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ जवळपास 46 टक्क्यांची आहे. शासनाला ही वाढ हवी आहे, म्हणूनच ग्रामीण महिलांना आणि बचत गटांना अनुदानावर पिल्ले दिली जातात, वनराज आणि गिरिराजसारख्या परसासाठी तयार केलेल्या जाती पोहोचवल्या जातात. त्या योजनांच्या अर्जावर शिफारशीची सही याच कार्यालयातून होते. एका खिडकीतून पिल्ले द्यायची आणि दुसऱ्या खिडकीतून ती हटवण्याची नोटीस काढायची, हे कसे?

तिसरा मुद्दा दुर्गंधीचा. वास येतो, हे खरे आहे, पण तो कुठून येतो हे नाकाने शोधता येते. साकवाजवळ रस्त्याच्या कडेला कोंबडीच्या दुकानांतील आतडी, पिसे आणि पाय गोण्यांत भरून टाकलेले असतात. त्याच गोण्यांवर भटकी कुत्री पोसली गेली. तीच पुढे आमच्या खुराड्यांवर आणि शाळेत जाणाऱ्या मुलांवर धावून जातात. गावाबाहेर हजारो ब्रॉयलरची शेड आहे, तिला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आहे, आणि पावसात तिथले खत ओहोळाला मिळते. सूचनेत ना त्या गोण्यांचा उल्लेख आहे, ना त्या शेडचा. शेडवाल्यांशी माझे वैर नाही, त्यांचेही पोट त्यावर आहे. पण नियम करायचा तर आधी जिथे हजारो पक्षी आहेत तिथे करावा, आणि मग जिथे पंधरा आहेत तिथे. परसातील खुराडाही घाण ठेवला तर वास मारतो. त्यासाठी अंतराचा आणि स्वच्छतेचा नियम करा. शेजाऱ्याच्या भाजीच्या आळ्यात आमच्या कोंबड्यांनी उकरले तर तीही खरी तक्रार आहे, आणि गडग्यावर जाळी लावण्याची सक्ती केल्यास ती रास्तच ठरेल.

आवाजाची तक्रार नव्या बंगल्यांतून आणि पर्यटकांसाठीच्या एक-दोन निवासांतून आली, असे कळते. त्यावर फार लिहिण्याची इच्छा नाही. आरवतो तो कोंबडा. कोंबड्या आरवत नाहीत, आणि अंडी घालायला त्यांना कोंबडा लागतही नाही. तेव्हा आवाजासाठी सगळा कळप हटवण्याचे कारण उरत नाही. कोंबडा केवळ उजेड पाहून नव्हे, तर शरीरातील घड्याळाप्रमाणे आरवतो, हे जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले आहे, त्यामुळे तो थांबणार नाही. पण मान उंच ताणता आली नाही तर त्याचा आवाज दबतो, हे जुन्या बायकांना विद्यापीठाशिवायही माहीत होते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही हे खरे, तरी ठेंगण्या डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्याने शेजाऱ्याची तासभर झोप वाचते. ज्यांच्या घराला कोंबडा अगदी लागून आहे त्यांच्यासाठी आम्ही तेवढे करू. फ्रान्समध्ये ओलेराँ बेटावरील मॉरिस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीपुरते येणाऱ्या शेजाऱ्यांनी खटला भरला होता. 2019 मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि 2021 मध्ये तिथे खेड्यांतील आवाजांना आणि वासांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदा झाला. इतके आम्ही मागत नाही. फक्त ज्यांच्या फाटकावरील पाटीवर ठळक अक्षरांत गावठी कोंबडी-वडे मिळतील असे लिहिले आहे, त्यांनी तरी ही कोंबडी कुठून येते याचा विचार तक्रारीवर सही करण्यापूर्वी करायला हवा होता.

शेवटचा आक्षेप कार्यपद्धतीचा. इतक्या घरांवर परिणाम करणारा निर्णय ग्रामसभेपुढे आलाच नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. कोंबड्यांचा विषय ज्या सभेत सर्वांत आधी निघायला हवा होता, ती सभा या प्रश्नावर झाली नाही. सरपंचताई, आपण स्वतः त्या खुर्चीवर असताना हे व्हावे, याचे मला जास्त वाईट वाटले.

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. आठ दिवसांची सूचना तत्काळ आणि लेखी मागे घ्यावी, आणि तसे फलकावर तसेच ग्रुपवर जाहीर करावे, म्हणजे घाबरून कोंबड्या विकणे थांबेल.

2. ज्या वाडीत कोंबड्या मेल्या, तिथली माहिती पशुवैद्यकांना आजच लेखी कळवावी आणि नमुने घेण्याची विनंती करावी. अहवाल येईपर्यंत त्या वाडीतून कोंबड्या बाहेर नेऊ नयेत. आणि बर्ड फ्लू निघालाच तर शासन जे करील त्याला आम्ही सहकार्य करू, मग त्यात आमचे खुराडे रिकामे झाले तरी.

3. अहवाल आल्यानंतर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वाडीवार लसीकरणाचे दिवस ठरवावेत. बर्फाचा डबा आणि लस आणण्याचा खर्च ग्रामपंचायतीने करावा. लशीचे पैसे घरटी वाटून घ्यायला आम्ही तयार आहोत.

4. कोंबडीच्या दुकानांतील टाकाऊ भाग उघड्यावर टाकण्यावर दंड लावावा, त्यासाठी खोल खड्ड्याची जागा नेमून द्यावी आणि शेडच्या खताची पाहणी करावी.

5. कोंबड्या पाळण्याचे नियम, म्हणजे खुराड्याचे अंतर, स्वच्छता, जाळी, रात्री कोंडून ठेवणे, महिला सभेत आणि मग ग्रामसभेत चर्चा करून ठरवावेत. तक्रार करणाऱ्यांनाही त्या सभेस बोलवावे.

आमच्या वाडीपुरती घरे आणि कोंबड्यांची यादी मी व शेजारच्या दोघींनी करून ठेवली आहे. इतर वाड्यांतील याद्या तेथील बचत गट चार दिवसांत देऊ शकतील, असे त्यांनी सांगितले आहे. पशुवैद्यकांना लिहायच्या पत्राचा मसुदाही या पत्रासोबत जोडला आहे. त्यावर जावक क्रमांक आणि आपली सही तेवढी हवी आहे. सूचनेची मुदत संपण्यापूर्वी उत्तर मिळावे. न मिळाल्यास हेच पत्र गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावे लागेल, आणि त्याची प्रत आपणास दिली जाईल.

कळावे,

आपली विश्वासू,
वरच्या वाडीतील एक ग्रामस्थ
(मूळ प्रतीवर नाव, सही आणि वाडीतील इतर महिलांच्या सह्या आहेत.)